गाजरं, दोरा, मीठ

मोमिनजानने गाजरांची पिशवी कॅरियरवर आडवी ठेवली, जुन्या ट्यूबची पट्टी तिच्यावरून ओढून हुकात अडकवली आणि हँडल धरून सायकल जरा हलवून पाहिली. पिशवी डावीकडे कलत होती. त्याने पट्टी सोडली, आतली गाजरं वरूनच चाचपून दोन्हीकडे सारखी केली, पुन्हा पट्टी बांधली. मग ती परत सोडली.

"मोमिनजानभाऊ, गाजरं आहेत ती. काचसामान नाही," गाजरंवाली झुलैखोआपा म्हणाली. "एवढं जपून तर नवरीलासुद्धा कुणी नेत नाही."

पट्टीचा हूक त्याच्या बोटांतून निसटला आणि मडगार्डवर आपटला.

"नवरीवरून आठवलं. लग्नाच्या पुलावाला गाजरं माझ्याकडूनच जायची हं. दुसऱ्या कुणाकडून घेतलीत तर बाजारात पाय ठेवू देणार नाही, सांगून ठेवते. मुलगा कधी येतोय?"

"उद्या," मोमिनजान म्हणाला.

"उद्या? अगं बाई! आणि ते असं तोंड पाडून सांगताय? दोन वर्षांनी पोरगा घरी येतोय, जरा हसा की!" तिने शेजारच्या टोपलीतून एक डाळिंब उचललं, पैसे नंतर देते असं शेजारणीला डोळ्यांनीच सांगितलं आणि पिशवीत कोंबलं. "त्याला द्या. म्हणावं, आपानं दिलंय. रशियात असलं मिळत नाही."

मोमिनजानने छातीवर हात ठेवून मान झुकवली. सायकल ढकलत तो बाजाराच्या कमानीपर्यंत चालत आला. तिथे कालव्याच्या कठड्याला टेकून तो थोडा वेळ उभा राहिला, आणि मग बसून पेडल मारू लागला.

उद्या सकाळी विमान यायचं होतं. शवपेटी त्या विमानाने येणार होती.

फोन पहाटे आला तेव्हा तो शेतात पाटाचं तोंड फोडत होता. त्याच्या मुलाबरोबर, नोदिरबरोबर, रशियात एकाच खोलीत राहणारा, शेजारच्या गावचा अब्दुवाली बोलत होता. आधी बराच वेळ तो नुसताच "काका, काका" म्हणत राहिला. मग बांधकामावरच्या परांचीचं सांगितलं. चौथ्या मजल्यावरची फळी. परवा संध्याकाळी. कागदपत्रं झाल्याशिवाय कळवायचा धीर झाला नाही, म्हणाला. मोमिनजानने फोन खिशात ठेवला तेव्हा पाणी बांध ओलांडून शेजाऱ्याच्या कपाशीत शिरलं होतं. त्याने फावड्याने माती ओढून पाट बंद केला, पायांचा चिखल धुतला आणि सायकल घेऊन थेट योल्दोशबुवांच्या घरी गेला. मोहल्ल्यात कुणी जन्मो, मरो की भांडो, पहिल्यांदा त्यांनाच कळवायचं असे.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं. चहाचा पेला पुढे केला, पण त्याने तो घेतला नाही म्हणून रागावले नाहीत.

"हे बघ, बातमी घरात न्यायची रीत आहे," ते म्हणाले. "आम्ही चौघं चपानाचे लांब अंगरखे घालून, कमरेला रुमाल बांधून तुझ्या दारात येऊन उभे राहतो. बाईमाणूस बघतं आणि समजतं. कुणालाच तोंड उघडावं लागत नाही. रीत उगाच पडलेली नाही."

"मी सांगतो तिला, बुवा."

"जमेल तुला?"

"तिचा एकुलता एक मुलगा आहे."

"तुझापण आहे की रे," बुवा म्हणाले. "दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजापर्यंत थांबतो. त्यापुढे मला मोहल्ला थोपवता येणार नाही. बाकं काढायची आहेत, उद्या माणसं येतील. शिवाय एकेकीच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती तुला जन्मभर माफ करणार नाही."

तो तिथून घरी आला तो सांगायचं असं ठरवूनच. सलामत अंगणात परातीत पीठ मळत होती. तिने कोपरापर्यंत माखलेले हात वर धरले, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं आलात. गाजरं संपलीत. तेवढी आणा." आणि तो, पन्नाशी उलटलेला माणूस, शाळा सुटल्यासारखा पुन्हा बाहेर पडला.

गाजरं आणायला एवढा वेळ कधीच लागला नव्हता. त्याची सायकल जुनी, रशियन घडणीची होती. हँडलला ब्रेक नाही. पेडल उलटं दाबलं की मागचं चाक धरतं. नोदिर लहान असताना पुढच्या दांडीवर बसायचा आणि उतारावर "आता उलटं, दादा, आता उलटं!" असं बापाला ओरडून सांगायचा. अशा सायकलीची चाकं नुसती फिरत असताना टकटक आवाज होत नाही. पेडल थांबवलं की सगळं शांत होतं. म्हणून गल्लीत शिरताना मोमिनजान घंटी वाजवायचा, आणि घराच्या दरवाजाशी पाय टेकवून हाक मारायचा: "नोदिर!"

ही हाक मुलाला नव्हती. बायकोला होती.

त्यांच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नानंतरचं पहिलं वर्ष 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावर निघतं. पहिलं मूल झालं की त्याचंच नाव आईला मिळतं. सलामतला सलामत म्हणणारी माहेरची माणसं आता एकदोनच उरली होती. मोमिनजानसाठी पंचवीस वर्षं ती नोदिर होती. मुलगा मोठा झाल्यावर घोटाळा व्हायचा, बाहेरून हाक आली की आतून दोन आवाज एकदम "हो" म्हणायचे. मग नोदिर ओरडायचा, "दादा, कोणता नोदिर पाहिजे? पुलाव करणारा की खाणारा?" तो रशियाला गेल्यावरही मोमिनजान फोनवर "हं, नोदिर, बोल" म्हणाला की स्वयंपाकघरातून सलामत "काय हो?" विचारायची आणि तिघंही हसायची.

घर आलं. त्यांच्या दरवाजाला दोन मोठी कवाडं होती. वसंतात नोदिरचं लग्न ठरलं तेव्हा मोमिनजानने ती निळ्या रंगाने रंगवून घेतली होती, बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. पण कवाडं उघडायची ती चाऱ्याची गाडी आत घेताना, किंवा घरात मोठं काही घडलं तर. रोजची ये-जा डाव्या कवाडात कापलेल्या दिंडीतून चाले. कवाडाची खालची फळी हाच दिंडीचा उंबरा, चांगला वीतभर उंच. सायकल आत घ्यायची तर आधी पुढचं चाक उचलावं लागे, मग मागचं.

त्याने घंटी वाजवली. पाय टेकवला. तोंड उघडलं. नाव घशापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

सकाळीही असंच झालं होतं. तेव्हा त्याला वाटलं होतं, धावपळीने घसा कोरडा पडला असेल. आता कळलं की तसं नाही. तो दिंडी ढकलून, चाक उचलून आत आला.

सलामत द्राक्षांच्या मांडवाखालच्या लाकडी माचावर बसली होती. पीठ तिने झाकून ठेवलं होतं. मांडीवर लग्नाची गादी होती, वरून लाल साटीन, आतून नवा कापूस. सुई हातात होती, पण दोरा ओवलेला नव्हता.

"आलात होय," ती म्हणाली. "घंटी ऐकली. म्हटलं, दूधवाला असेल."

त्याने पिशवी सोडून गाजरं टोपलीत ओतली. शेवटी डाळिंब घरंगळत आलं आणि माचाच्या पायाशी थांबलं. सलामतने ते उचललं.

"हे?"

"झुलैखोआपाने दिलं."

"कुणाला?"

त्याने टोपली उचलून सावलीत ठेवली. एक गाजर बाहेर पडलं होतं, ते वेचून आत टाकलं. आता सांगावं, त्याने ठरवलं. बसून सांगावं. उभ्याने सांगायची गोष्ट नाही ही. तो माचाच्या कडेला टेकला. सलामतने डाळिंब दोन्ही हातांत धरलं होतं आणि सालीवरचा एक डाग अंगठ्याने पुसत होती. तो डाग पुसला जाण्यातला नव्हता.

"अगं," तो म्हणाला. हा शब्द त्याला दुसऱ्याच कुणाच्या तोंडचा वाटला. "अगं, ऐक..."

"लाल दोरा संपला बघा," सलामत घाईने म्हणाली. "ही एक शिवण राहिली आहे. हकीमकडे मिळेल. आधी तेवढा आणून द्या, मग ऐकते."

"नंतर आणतो."

"उजेड आहे तोवर शिवून टाकते ना. जा."

तो गेला. तिच्या आवाजात किंचित दटावणी होती, नेहमीसारखी. तिला काही ठाऊक नाही, तो पेडल मारताना मनाशी म्हणाला. तिच्या जगात अजून सगळं जागेवर आहे. आणखी थोडा वेळ राहू दे.

गल्लीच्या तोंडाशी चहाखाना होता. तिथले म्हातारे त्याला दुरून येताना पाहून उठून उभे राहिले. रोज यातलाच कुणीतरी "काय मोमिनजान, चाकात हवा आहे की नुसती हौस?" म्हणून डिवचायचा. आज सगळ्यांनी छातीवर हात ठेवले आणि खाली पाहिलं. पुढे मशिदीच्या आवारातून दोघंजण लांब बाकं काढून भिंतीला लावत होते. ती कुठे जाणार होती, हे त्याला माहीत होतं. गेल्या हिवाळ्यात कुंभाराची म्हातारी गेली तेव्हा हीच बाकं त्याने स्वतः वाहून नेली होती. त्याने हँडल वळवून कालव्याकाठचा लांबचा रस्ता धरला.

हकीमच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हकीम त्याच्याबरोबर शाळेत होता. दुकानात बायकांची गर्दी असली की तो उगाचच मोठ्या आवाजात विनोद करायचा, पण एकटा असला की अबोल.

"लाल दोरा," मोमिनजान म्हणाला. "गादीला."

हकीमने खोका उघडला. तीन वेगवेगळे लाल रंग काढून ठेवले. मग त्याने मान खाली घातली आणि ती तिन्ही रिळं कागदात गुंडाळायला लागला. कागद दोनदा फाटला.

"एकच पाहिजे."

"असू दे."

"तिला सांगितलं नाही अजून," मोमिनजान म्हणाला. दिवसभरात हे त्याने पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

हकीमने मान हलवली. तो गल्ल्यामागून बाहेर आला, दुकानाच्या पायरीखाली उतरला आणि मोमिनजान बसेपर्यंत त्याने सायकल दोन्ही हातांनी धरून ठेवली. लहान मुलाला शिकवताना धरतात तशी. मोमिनजानने पेडल मारल्यावरही तो चार पावलं सीट धरून बरोबर चालला आणि मग त्याने हात सोडला.

परत आला तेव्हा कोपऱ्यावरच्या तुतीची सावली भिंतीवर चढली होती. त्याने घंटी वाजवली. या वेळी थांबला. दिंडीच्या पलीकडे, अगदी जवळ, कापडाची सळसळ झाली. कुणीतरी दाराला लागून उभं असावं तशी. त्याने ओठ ओले केले. सळसळ थांबली. त्याने चाक उचललं.

आत आला तेव्हा सलामत माचाकडे चालत निघाली होती. तिची पाठ त्याच्याकडे होती.

"कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही. कोंबडी सुटली होती."

कोंबड्या सगळ्या डालग्याखाली होत्या.

त्याने दोऱ्याचा पुडा माचावर ठेवला. तिने तो उघडला. तीन रिळं पाहून तिची बोटं थांबली. एक रीळ उचलून तिने दोरा काढला, दाताने तोडला, टोक ओठांत ओलं केलं आणि सुई डोळ्यांसमोर धरली. दोरा नेढ्याच्या शेजारून गेला. तिने पुन्हा प्रयत्न केला. मोमिनजानने सुईसाठी हात पुढे केला.

"दे, मी ओवतो."

"मीठ नाही घरात," ती म्हणाली. "मीठ आणा."

"मीठ?"

"संध्याकाळच्या पुलावाला मीठ नको? असाच खाणार का अळणी?"

मीठ गल्लीतल्या कोपऱ्यावरच मिळायचं. चालत जाऊनही आणता आलं असतं. तो सायकल घेऊन गेला, कारण सायकल हातात असली की माणूस कामावर असतो आणि त्याला कुणी अडवत नाही. मशिदीकडे त्याने पाहिलं नाही. दुकानदारणीने मीठ देताना ओढणीचं टोक तोंडावर धरलं. येताना त्याने एकच गोष्ट मनात धरली: मिठाची पिशवी स्वयंपाकघरात ठेवायची, हात धुवायचे, तिच्याजवळ बसायचं आणि पहिला शब्द म्हणून मुलाचं नावच उच्चारायचं. आता पुरे.

तो हाक न मारता आत शिरला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. कोनाड्यात मिठाची मातीची बरणी होती. त्याने झाकण काढलं.

बरणी काठोकाठ भरलेली होती.

त्याने मिठाची पिशवी बरणीशेजारी ठेवली. झाकण परत लावलं. चुलीवर कढई होती, पण खाली सरपण रचलेलं नव्हतं. टोपलीत गाजरं होती तशीच होती, एकही सोललेलं नव्हतं. खिडकीतून त्याला माचावर बसलेली सलामत दिसत होती. डाळिंब तिच्या मांडीवर होतं आणि गादी बाजूला सारलेली होती.

तो बाहेर आला आणि तिच्याशेजारी बसला.

"मीठ आहे की घरात," तो म्हणाला.

"आहे."

मांडवातून एक पिकलं द्राक्ष खाली पडलं. दोघांनीही तिकडे पाहिलं.

"सकाळी घंटी वाजली," सलामत म्हणाली. तिचा आवाज शांत होता, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसा. "हात पिठात होते. म्हटलं, आता हाक येईल. आली नाही. तुम्ही आत आलात तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं. मग मला गाजरं हवी झाली."

तिने मांडीवरचं डाळिंब उचलून बाजूला ठेवलं.

"गाजरं आणलीत तेव्हा वाटलं, घसा बसला असेल. दोरा आणलात तेव्हा मी दारापाशीच येऊन उभी राहिले. लांबून ऐकू आलं नसेल म्हणून."

"मी..."

"नका. अजून नका सांगू." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. नखांच्या कडांना सकाळचं पीठ वाळून बसलं होतं. "कधी येणार?"

कोण येणार, असं तिने म्हटलं नाही.

"उद्या सकाळी," तो म्हणाला.

तिने मान हलवली. हलवतच राहिली, थोडा वेळ, जणू कुणीतरी तिला बरंच काही समजावून सांगत होतं आणि तिला ते पटत होतं. मशिदीतून असरची बांग सुरू झाली. ती संपून नमाज सुरू झाला तरी दोघं बसून राहिली.

"बुवा येतील आता," मोमिनजान म्हणाला.

"येऊ दे." तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, पण ते कोरडेच होते. "एक काम राहिलंय. तेवढं करा."

"काय आणू?"

"काही आणू नका. सायकल घेऊन कोपऱ्यापर्यंत जा. आणि रोज येता तसे घरी या."

त्याला समजायला क्षणभर लागला.

"नाही जमणार मला," तो म्हणाला.

"उद्यापासून कुणालाच जमणार नाही," सलामत म्हणाली. "आज जमवा."

त्याने सायकल उंबऱ्यावरून बाहेर काढली. मागे दिंडी लागली. तो कोपऱ्यापर्यंत गेला. सावकाश गेला. मशिदीतून नमाज उरकून माणसं बाहेर पडत होती. पुढे योल्दोशबुवा, मागे तिघं. चौघांनीही चपान घातले होते आणि कमरेला चौकोनी रुमाल बांधले होते. हकीमही त्यांच्यात होता. बुवांनी त्याच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. सांगितलंस का, असं ते विचारत होते. तुतीला वळसा घालून मोमिनजानने सायकल फिरवली. बुवांनी हात आडवा केला आणि मागचे तिघं थांबले.

त्याने दोन-तीन जोरात पेडलं मारली, मग पाय थांबवले. सायकल आपल्या वेगाने, आवाज न करता गल्लीतून घरंगळत गेली. त्याने घंटी वाजवली. निळ्या दरवाजापाशी पेडल उलटं दाबून थांबला, पाय टेकवला.

पहिल्यांदा नुसता श्वास बाहेर आला.

मग त्याने मोठ्याने हाक मारली, शेताच्या या टोकाहून त्या टोकाला मारतात तशी: "नोदिर!"

गल्लीत काही हललं नाही. पलीकडच्या एका घरातून पाण्याचा आवाज येत होता, तोही थांबला.

"हो," आतून सलामत म्हणाली. "हो, आले."

तो दिंडीकडे पाहत थांबला. पण दिंडीची कडी वाजली नाही. वरचा अडसर सरकल्याचा आवाज आला, मग खालचा. आणि मग दोन्ही मोठी कवाडं, डावं आणि उजवं, हळूहळू आतल्या बाजूला उघडत गेली. वसंतात तेल घातलेलं होतं, त्यामुळे ती जराही कुरकुरली नाहीत.

मागून पावलं जवळ येत होती. मोमिनजान सायकलवरून उतरला. समोर उंबरा नव्हता, सरळ अंगण होतं. तरी सवयीने त्याने पुढचं चाक उचललं आणि आत पाऊल टाकलं.